आवाज कोठे अडला?

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ॲम्प्लिफायर आणि अँटेना यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना नवलाचे वाटेल. आमच्या वार्षिकात कविता, प्रवासवर्णने आणि थोरांची चरित्रे येतात. विज्ञानाचे लेख लिहायचे ते विज्ञान शाखेने, असा एक अलिखित संकेत आहे. परंतु ज्या घरात मी लहानाची मोठी झाले त्या घरात देवघराशेजारच्या फळीवर पोथी नव्हती, ॲम्प्लिफायर होता. तेव्हा माझ्या विषयाबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी, आणि लेखातला तांत्रिक भाग अवघड वाटला तर तो माझ्या सांगण्याचा दोष समजावा.

माझ्या वडिलांचा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. कृष्णाकाठच्या पाच-सात गावांतली लग्ने, बारशी, हरिनाम सप्ताह आणि गणेशोत्सव यांवर आमचे घर चालते. वडील चौथीपर्यंत शिकले. ॲम्प्लिफायरची दुरुस्ती ते एका मिस्त्रीच्या हाताखाली पाहून पाहून शिकले. पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला नकाशा इंग्रजीत असे. मी पाचवीत गेल्यापासून त्या नकाशावरची अक्षरे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मी अक्षर वाचायचे आणि वडिलांनी तो भाग बोटाने दाखवायचा, अशी आमची शाळा होती. मला वाचता येत होते पण कळत नव्हते, आणि त्यांना कळत होते पण वाचता येत नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. ॲम्प्लिफायर माळ्यावर टाकून आम्ही गावातल्या एका उंच घराच्या गच्चीवर गेलो. वीज पहिल्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी मोबाइलही मुका झाला, कारण मनोऱ्यालाही वीज लागते आणि त्याच्या बॅटऱ्याही कधीतरी संपतात. आजीने लुगड्यात गुंडाळून तिचा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आणला होता. त्यावर बातम्या लागत होत्या, आणि पाणी किती चढले ते आम्ही ऐकत होतो. पण साताऱ्याला माझी आत्या आमच्या काळजीने अन्नपाणी सोडून बसली होती, तिला ‘आम्ही जिवंत आहोत’ एवढे चार शब्द कळवायला कोणताच मार्ग नव्हता. जगाचे सारे आम्हाला ऐकू येत होते, पण आमचे कोणालाही ऐकू जात नव्हते. आवाज नेमका कोठे अडतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात बसला आहे. हा लेखनप्रपंच त्यासाठीच.

पेटी उघडण्यापूर्वी

ॲम्प्लिफायर म्हणजे लहान आवाज मोठा करणारे यंत्र, एवढे सर्वांना ठाऊक असते. वास्तविक तो आवाज मोठा करीत नाही. माइकमधून येणारा विजेचा अतिशय क्षीण प्रवाह घेऊन, त्याच्या चढउतारांप्रमाणे तो दुसरा, जोरदार प्रवाह वळवतो. पाटाचे दार एका हाताने थोडे उचलले की हजारो लिटर पाणी धावू लागते. ते बळ हाताचे नसते, पाण्याचे असते. हात फक्त हुकूम देतो. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर हे असे दार आहे, आणि पाणी म्हणजे पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज. म्हणूनच बिघाड शोधताना दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. पाणी येते आहे का? आणि दार हलते आहे का?

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली येथे ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा माइक नव्हता. नटाचा गळा हाच ॲम्प्लिफायर होता, आणि तो बिघडला तर आल्याचा काढा हीच दुरुस्ती! आमच्या पेट्यांना काढा चालत नाही, पण वैद्याची पद्धत मात्र तंतोतंत चालते. वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो, ‘कधीपासून दुखते?’ तसेच पेटी उघडण्याआधी विचारावे, की ती बंद कधी पडली? एकदम पडली की आवाज फाटत फाटत पडली? त्याआधी नवीन कर्णा जोडला होता काय? पाऊस झाला होता काय? मग नाकाने वास घ्यावा. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. मग फ्यूज पाहावा. काचेच्या फ्यूजमधली तार नुसती तुटली असेल तर तो म्हातारपणाने किंवा थोड्याशा जादा भाराने गेला असण्याचा संभव असतो. काच आतून काळी किंवा रुपेरी झाली असेल तर एकदम मोठा प्रवाह वाहिला आहे, म्हणजे आत किंवा बाहेर कोठे तरी शॉर्ट आहे. अशा वेळी नवा फ्यूज टाकणे म्हणजे तापाचे कारण न पाहता घाम पुसण्यासारखे आहे, आणि फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळणे हा तर शुद्ध आत्मघात होय.

सिरीज दिवा

प्रत्येक खेड्यातल्या मिस्त्रीच्या टेबलावर एक जुना, तारेचा १०० वॅटचा दिवा लोंबत असतो. तो उजेडासाठी नसतो. घरातली वीज त्या दिव्यातून पुढे पेटीत जाईल अशी जोडणी केलेली असते. यालाच सिरीज दिवा म्हणतात. पेटीत शॉर्ट असेल तर सगळा भार दिव्यावर येतो, तो पूर्ण तेजाने पेटतो, आणि पेटीतून अर्ध्या अँपिअरहून कमीच प्रवाह जातो. काही जळत नाही. पेटी ठीक असेल तर दिवा क्षणभर लखलखतो, कारण आतले मोठे कंडेन्सर तेव्हा भरत असतात, आणि मग मंद होतो. दहा-वीस रुपयांच्या दिव्याने हजारोंचे नुकसान टळते. हल्लीचा एल.ई.डी. दिवा मात्र या कामी येत नाही. तापल्यावर जिचा रोध वाढतो अशी तारच येथे हवी.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पेटीचे बटण बंद केले, पिन काढली, तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. व्हॉल्व्हच्या यंत्रात ती शेकडो व्होल्टची असते, आणि रेडिओ प्रक्षेपणाच्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये हजारोंची. ती रेझिस्टन्समधून सावकाश उतरवून, मीटरने शून्य आल्याची खात्री करूनच आत हात घालावा. शिकाऊ माणसाने व्हॉल्व्हच्या यंत्राला एकट्याने हातच लावू नये.

अर्ध्यातून शोध

पेटीत आठ टप्पे आहेत असे समजा. माइककडून सुरुवात करून कर्ण्यापर्यंत. आवाज येत नाही. पहिल्यापासून एकेक टप्पा तपासत गेले तर आठ वेळा तपासावे लागेल. शहाणा मिस्त्री मधोमध, म्हणजे आवाजाच्या बटणाजवळ हात घालतो. त्या बटणाच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचे पाते बोटाने धरून लावले की, आपल्या शरीराने भोवतालच्या तारांमधून घेतलेली वीज आत जाते आणि कर्ण्यातून ‘भर्र’ असा आवाज निघतो. (हा प्रयोग फक्त ट्रान्झिस्टरच्या, कमी व्होल्टच्या भागात करावा.) आवाज निघाला तर पुढचे चार टप्पे निर्दोष; दोष मागच्या चारांत. मग त्या चारांचा मध्य, आणि मग दोघांचा मध्य. आठ टप्प्यांना तीनच तपासण्या पुरतात. सोळांना चार आणि बत्तिसांना पाच. आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला विकल्पांची विभागणी शिकवतात, तिचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

गुणगुण येत असेल तर तिचेही असेच. आवाजाचे बटण फिरवल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर ती बटणाच्या आधी शिरते आहे. बहुधा माइकच्या तारेचे जाळीदार वेष्टन तुटलेले असते. बटण शून्यावर नेले तरी ती तशीच राहत असेल तर दोष बटणाच्या पुढे किंवा वीजपुरवठ्याच्या भागात. कान तयार असेल तर आणखी एक खूण सापडते. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे तारेतून शिरलेली गुणगुण ५० कंपनांची असते. पण फिल्टर कंडेन्सर कोरडा पडला असेल तर ती १०० कंपनांची, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची असते. कारण पेटीतले डायोड प्रत्येक फेऱ्याचे दोन्ही अर्ध एका दिशेला वळवतात. संगीताच्या विद्यार्थ्यांनी मेकॅनिक का होऊ नये, हे मला कळत नाही!

माझी चूक

आता जे सांगायचे ते सांगण्यास संकोच वाटतो, पण ते सोडून हा लेख प्रामाणिक होणार नाही. मी अकरावीत असताना शेजारच्या गावच्या सप्ताहात रात्री कीर्तनाच्या वेळी आमची पेटी बंद पडली. वडील दुसऱ्या गावी लग्नाच्या मंडपावर होते. मी पेटी उघडली. शेवटचे दोन ट्रान्झिस्टर, २एन३०५५, मीटरवर शॉर्ट दाखवत होते. मला मोठा आनंद झाला, रोग सापडला म्हणून! आमच्या डब्यात त्याच नंबरची नवी जोडी होती. अर्ध्या तासात मी ती बसवली, सोल्डरिंग केले, कर्ण्यांची तार जोडली आणि बटण दाबले. दोन शब्द ऐकू आले आणि ती जोडीही गेली. कीर्तनकार बुवांनी बिनमाइकचे कीर्तन पुरे केले. पुढच्या वर्षी त्या गावाने सुपारी दुसऱ्याला दिली.

वडील रात्री आले. ते रागावले नाहीत. त्यांनी पेटीकडे पाहिलेही नाही. बॅटरी घेऊन ते मंडपाच्या कडेने तार चाचपत चालत गेले आणि तिसऱ्या खांबाशी थांबले. लोखंडी पाइपाच्या बुडाखाली तार चेपून तिच्या दोन्ही शिरा एकमेकींना लागल्या होत्या. ‘‘पोरी, पेटीला काय हुतंय? आदुगर तार बघायची,’’ एवढेच ते म्हणाले.

मला रोग दिसला होता, कारण दिसले नव्हते. ट्रान्झिस्टर जळणे हे लक्षण होते. आमचे १६ ओहमचे चार कर्णे दोन-दोन ओळीने आणि मग समांतर जोडलेले होते, म्हणजे सगळे मिळून पुन्हा १६ ओहम. पेटीपासून तार सोडवून मीटर लावला असता तर सोळाहून थोडा कमी आकडा यायला हवा होता. आला असता जवळजवळ शून्य. अर्ध्या मिनिटाचे काम होते. वडिलांचा वर्षानुवर्षांचा गिऱ्हाईक माझ्या अर्ध्या मिनिटाच्या आळसाने गेला. पेटी आणि तिच्यावरचा भार यांची जुळणी हवी, ती बिघडली तर शिक्षा पेटीला होते, हा धडा मी त्या रात्री शिकले. तोच धडा पुढे अँटेनाच्या रूपाने मला दुसऱ्यांदा भेटला.

हौशी रेडिओ

महाविद्यालयात आल्यावर एका निवृत्त गुरुजींची ओळख झाली. ते हौशी रेडिओचे परवानाधारक आहेत. अशा मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. स्वतःच्या यंत्राने, कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्यावाचून, ते गावोगावच्या आणि देशोदेशीच्या हॅम मंडळींशी बोलतात. यात पैसा मिळवायचा नसतो. मिळवायचे ते ज्ञान, आणि संकटकाळी करायची ती सेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आणि २६ जानेवारी २००१ रोजी भूज उद्ध्वस्त झाले तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी तेथे जाऊन निरोप पोचवले. आमच्या सातारा जिल्ह्याने ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट पाहिली आहे. अशा वेळी पहिले तुटते ते दळणवळण, हे येथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. विज्ञानाची पदवी लागत नाही. उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाव मिळते. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, म्हणून मी सध्या केवळ ऐकते आणि गुरुजींच्या दुरुस्त्यांत हातभार लावते.

कला शाखेने यात पडावे का, असे विचारणाऱ्यांना मी उषा मेहतांचे नाव सांगते. १९३९ साली मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेल्यावर, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले जाईपर्यंत चालले. ते ४२.३४ मीटरवर लागे. आपण जरा गणित करू. ३०० ला तरंगलांबीच्या मीटरने भागले की कंपनसंख्या मेगाहर्ट्झमध्ये मिळते. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०८५. आज भारतात हौशी रेडिओचा जो ‘४० मीटर’ पट्टा आहे, तो ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा, म्हणजे तो आवाज याच पट्ट्यातून येत होता. हे गणित जुळले त्या दिवशी इतिहासाचे पुस्तक मला एकदम जिवंत वाटले.

मिरजेची तार आणि गुरुजींची तार

अँटेना म्हणजे काय, हे मला मिरजेत कळले. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. त्या दुकानात एका कारागिराला तार लावताना मी पाहिले. तारेची लांबी, जाडी आणि ताण ठरला की तिचा स्वर ठरतो. त्या स्वराला ती आपोआप गाते, आणि शेजारी तोच स्वर वाजला तर न छेडताही थरथरते. अँटेनाची तारही अशीच एका कंपनसंख्येला ‘गाते’. मात्र येथे ताण नव्हे, मुख्यतः लांबी महत्त्वाची. सर्वांत सोप्या अँटेनाला डायपोल म्हणतात. तार मधोमध तोडून दोन बाजू ताणायच्या आणि मधून केबल खाली आणायची. तिची एकूण लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती २०.१४ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू दहा मीटरहून किंचित जास्त. झाडे, पत्रे आणि जमीन यांमुळे हा आकडा हलतो. म्हणून प्रथम हातभर जास्त लांब कापावी. जास्तीची तार कापता येते, कमी पडली तर जोड द्यावा लागतो. शिवणकाम करणाऱ्या आयाबहिणींना हे सांगावे लागत नाही.

आता जुळणी मोजायची कशी? दोरीचे एक टोक खांबाला बांधून दुसऱ्या टोकाने झटका द्या. लाट खांबापर्यंत जाते आणि उलटून हाताशी येते. अँटेना केबलशी जुळत नसेल तर पाठवलेल्या शक्तीचा काही भाग असाच उलटून यंत्राकडे येतो. हे मोजणाऱ्या मीटरला एस.डब्ल्यू.आर. मीटर म्हणतात. आकडा १ आला तर काहीच परतत नाही. १.५ ला शेकडा ४, २ ला शेकडा ११ आणि ३ ला शेकडा २५ भाग परततो. दोनपर्यंत फारसे बिघडत नाही. त्यापुढे आधुनिक यंत्र आपली शक्ती आपोआप कमी करते, आणि तशी सोय नसेल तर शेवटचे ट्रान्झिस्टर जातात. माझ्या सप्ताहाच्या पेटीसारखेच!

जुळवण्याची रीत सोपी आहे. अगदी कमी शक्तीवर, पट्टा रिकामा आहे असे ऐकून, ७, ७.१ आणि ७.२ या तीन ठिकाणी मोजावे. खालच्या टोकाला आकडा चांगला आणि वर वाईट असेल तर तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी सारखी कापावी. उलट असेल तर ती आखूड झाली आहे. प्रत्येक बाजूने ५ सेंटिमीटर कापले की स्वर सुमारे ३५ किलोहर्ट्झने वर सरकतो. यंत्राशेजारी ठेवायचा ‘ट्यूनर’ही मिळतो. तो यंत्राला जुळणीचे समाधान देतो आणि यंत्र वाचवतो. पण केबलमधला आणि अँटेनामधला दोष तो दूर करीत नाही.

चांगला आकडा, वाईट बातमी

गेल्या पावसाळ्यानंतर गुरुजींच्या मीटरवर चमत्कार झाला. पूर्वी १.८ दाखवणारी अँटेना १.२ दाखवू लागली. आम्ही खूश झालो. पण कोणी उत्तरच देईना. बिघाड पेटीत, केबलमध्ये की तारेत?

येथे अर्ध्यातून शोधाची पद्धत उपयोगी पडली. आम्ही प्रथम ‘डमी लोड’ बनवला. हा खोटा भार अँटेनासारखाच ५० ओहमचा असतो, पण शक्ती हवेत न सोडता उष्णतेत घालवतो. १ किलोओहमचे, २ वॅटचे वीस कार्बन रेझिस्टन्स समांतर जोडले की बरोबर ५० ओहम होतात आणि ४० वॅट सोसतात. (तार गुंडाळलेले रेझिस्टन्स चालत नाहीत, ते वेटोळ्यासारखे वागतात.) यंत्राला थेट हा भार लावला तर शक्ती पूर्ण निघत होती. म्हणजे पेटी निर्दोष. आता राहिले बाहेरचे. मी गच्चीवर जाऊन केबलचे वरचे टोक अँटेनापासून सोडवले. काहीही न जोडलेल्या टोकावरून सगळी शक्ती उलटून यायला हवी आणि मीटरचा काटा टोकाला भिडायला हवा. आमच्या मीटरने दाखवले फक्त २!

याचा अर्थ गुरुजींनी मला कागदावर सोडवून दाखवला. २ म्हणजे शेकडा ११, म्हणजे नववा हिस्सा परतला. जाताना आणि येताना केबलने सारखेच खाल्ले असेल तर एका फेरीत तिसरा हिस्सा उरतो, कारण तिसऱ्याचा तिसरा म्हणजे नववा. तेव्हा अँटेनापर्यंत तिसरा हिस्साच पोचत होता. बाकीचा वाटेतच गडप. जोडातून पावसाचे पाणी आत शिरून केबलची जाळी हिरवी पडली होती. परतणारी शक्तीही केबलच गिळत होती, म्हणून मीटरवर ‘चांगला’ आकडा येत होता. काहीच तक्रार ऐकू येत नाही म्हणजे सारे ठीक आहे असे समजू नये. तक्रार वाटेतच मुरत असेल. केबल बदलली, जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळली आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तेथून गळून जावे. मीटर पुन्हा १.८ वर आला, आणि त्याच संध्याकाळी उत्तर मिळाले. मग तार कापून १.८ चे १.३ करायला अर्धा तास पुरला.

सातारा ते सांगली

शेवटी माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. सातारा आणि सांगली यांत सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरचे अंतर आहे. हातात धरायच्या वॉकी-टॉकीसारख्या यंत्राच्या लहरी बहुतांशी दृष्टीच्या रेषेत जातात. डोंगर आला, जमिनीचा गोलावा आला की अडतात. शहराहून सुमारे तीनशे मीटर उंच जागेवरूनही सपाटीकडची त्यांची मजल सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. पण ४० मीटरच्या पट्ट्यातली तार मुद्दाम खाली, छपराच्या उंचीवर सहा-आठ मीटरवर ताणली, तर तिची बरीचशी शक्ती सरळ आकाशात जाते. सुमारे दोनशे ते तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा थर आहे. तो दिवसा या लहरींना परत खाली पाठवतो, आणि त्या आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरच्या मुलखावर पावसासारख्या पडतात. मध्ये यवतेश्वर असो की आणखी कोणता डोंगर, त्यांना काय त्याचे! रात्री थर विरळ झाला की ७ मेगाहर्ट्झच्या लहरी त्यातून निसटतात, मग ३.५ मेगाहर्ट्झच्या, दुप्पट लांब तारेच्या ‘८० मीटर’ पट्ट्यावर उतरावे लागते. या आकाशातल्या छपराला वीज लागत नाही आणि त्याची बॅटरी संपत नाही. खाली पाहिजे एक लहान यंत्र, मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी, वीस मीटर तार, आणि ती जुळवता येणारा माणूस.

२०१९ साली त्या गच्चीवर वडिलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी होती. मंडपाची तार तर गुंडाळीच्या गुंडाळी होती. दुसऱ्या टोकाला साताऱ्यातही कोणी ऐकणारा बसला असता. आमच्यात नव्हते ते यंत्र, नव्हता तो परवाना, आणि नव्हता तो जाणकार. पहिल्या गोष्टीला पैसे लागतात. दुसरी आणि तिसरी अभ्यासाने मिळते, आणि अभ्यास करण्यासाठीच तर आपण येथे आलो आहोत. आपल्या महाविद्यालयाच्या गच्चीवर पंचवीस मीटर जागा मोकळी आहे. प्राचार्य आणि प्राध्यापकांनी मनावर घेतले, आणि चार-पाच विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली, तर पुढच्या पावसाळ्याआधी तेथे एक तार ताणता येईल. शाखेची अट नको.

माझा परीक्षेचा अर्ज भरून झाला आहे. अर्जावर पालकाची सही हवी नव्हती, तरी मी तो वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि विचारले, ‘‘हे पास झालीस म्हंजी साताऱ्याला बोलता यील?’’ मी म्हटले, ‘‘येईल.’’ ते उठले, आणि आमच्याकडच्या चांगल्यातल्या चांगल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी माझ्यापुढे आणून ठेवली.